खाली पाहणारा धनगर

यवतच्या बाजारतळामागे हौसराव कुंभारांची पत्र्याची शेड होती. पोळा झाला की तिथे दिवाळीचं काम सुरू व्हायचं. पुण्याची मुलं दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करतात, त्यावर मांडायची चित्रं तिथे घडायची. बोटाएवढा मावळा, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, अंगठ्याएवढं मेंढरू. साच्यातून प्लॅस्टरची पांढरीफटक चित्रं निघत, फळ्यांवर वाळत पडत, आणि आसपासच्या बायका ओळीने बसून ती रंगवत. कुणाकडे अंगरखे, कुणाकडे पागोटी, कुणाकडे नुसत्या ढाली. चेहरे मात्र रंभाकडे.

रंभा कासुर्डीची, धनगराची. नवऱ्याच्या घरी तिचं जमलं नाही, म्हणून ती माहेरी परत आली आणि आई विठाबाई हिच्याजवळ राहिली. सकाळी वडापच्या जीपने यवतला यायचं, संध्याकाळच्या आत परत जायचं. नव्वद सालच्या आसपास ती कामाला लागली तेव्हा चेहरा म्हणजे दोन काळे ठिपके, त्यावर दोन रेघा आणि खाली एक लाल टिंब. हजार मावळे, हजारांचं तोंड एक.

एका वर्षी रंभाच्या हातून एका मावळ्याच्या गालावर तपकिरी रंग जरा जास्त लागला. गाल बसले. मावळा थेट कासुर्डीच्या गिरणीवाल्यासारखा दिसायला लागला. पुसून टाकायच्या ऐवजी तिने त्याला गिरणीवाल्याच्या जाड भुवया दिल्या. हौसरावांची बायको सरूबाई मोठी तोंडाळ. तिने चित्र उचललं आणि सगळ्या ओळीला दाखवलं.

"रंभे, ह्याच्या हातात तलवार दिलीस, आता गावाचं दळण कोण दळायचं?"

तिथून रंभाला नादच लागला. जीपमध्ये समोर बसलेला माणूस ती डोळ्यांत भरून घ्यायची आणि शेडमध्ये आल्यावर नखाएवढ्या जागेत उतरवायची. झिरो नंबरच्या ब्रशचे अर्धे केस ब्लेडने कापून तिने स्वतःचा ब्रश केला होता. डोळ्याला काळा रंग ती लावतच नसे. तपकिरी लावायची, आणि वरच्या पापणीखाली केसाएवढी सावली. तिला एक गोष्ट तिची तिला सापडली होती. दोन्ही डोळे एकसारखे काढले की बाहुली होते, एक जरा बारीक काढला की माणूस होतो. हौसराव आधी कुरकुरले, मावळे काढतीस का तलाठी काढतीस म्हणाले. पण पुण्याचा व्यापारी चेहरेवाले मावळे पुन्हा मागायला लागला तसे ते गप्प झाले.

हौसरावांकडे एक रीत होती. डोळ्यांच्या कामाला तिथे आखणी म्हणत, आणि ती सगळ्यांत शेवटी. आखणी व्हायच्या आधी चित्र फळीवर आडवं ठेवायचं. आखणी झाली की ते बघायला लागलं, मग ते उभंच ठेवायचं. बघणाऱ्याला आडवं करू नये, असं हौसराव म्हणत. नवीन आलेल्या बाईला पहिली शिकवण हीच.

रंभाचा धाकटा भाऊ मच्छिंद्र तोवर घर सोडून गेलेला होता.

बाकीच्या भाऊबंदांनी केव्हाच मेंढरं विकून शेतं धरली होती. मच्छिंद्र मात्र मेंढरांतच वाढला आणि मेंढरांतच रमला. दिवाळी झाली की कळप घेऊन तो कोकणात उतरायचा. माणसांशी बोलताना तो अवघडायचा, मेंढरांशी दिवसभर बोलायचा. सारखं त्यांच्याकडे बघून बघून त्याची मानच तशी झाली होती, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो पायांकडे बघायचा. रंभा त्याला चिडवायची, तुझ्या लग्नात नवरीला पायावरूनच ओळखशील म्हणून.

एकदा तो जेजुरीला गेला असताना विठाबाईने कळप विकून टाकला. तिचंही चुकलं असं कुणी म्हटलं नसतं. नवरा गेलेला, गुडघे धरलेले, चारणीची रानं उसाखाली गेलेली, आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. पण तिने त्याला विचारलं नाही. भंडाऱ्याने कपाळ भरून पोरगा परत आला तर मेंढरं कोंडायची वाघर रिकामी. जाळीच्या खुंट्या तेवढ्या उभ्या. तो आत आलाच नाही. अंगणातूनच म्हणाला, "आजपस्नं माझ्या नावानं आंघोळ कर." घोंगडं कुडावर टाकलं आणि हमरस्त्याच्या दिशेने चालायला लागला.

माणूस मेल्याची बातमी लांबून आली तर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, असं आपल्याकडे आहे. जित्या माणसाने स्वतःच्या नावाने ती करायला सांगणं म्हणजे नातं तोडून जाणं. विठाबाईने ती आंघोळ केली नाही. तिने उलटंच केलं. त्याचं काळं घोंगडं ती रोज सकाळी हमरस्त्याच्या बाजूच्या कुडावर पसरायची आणि दिवस कलला की उचलायची. घर रस्त्यापासून दोन शेतं आत, पण काळं घोंगडं हिरव्या शेतांच्या पलीकडून नजरेत भरायचं. ऊन असो, नसो. शेजारणी हसायच्या, या घोंगड्याला जन्मभर वाळायचंच आहे का म्हणून. विठाबाई म्हणायची, "त्याला घर वळखू यावं."

वर्षं गेली. कुणी म्हणे तो सोलापुराकडे आहे, कुणी म्हणे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. पत्ता नाही. त्याचा एक फोटोही घरात नव्हता. रंभाच्या लग्नात फोटोवाला आला, तेव्हा हा मेंढरांकडे होता. विठाबाई कधी कधी म्हणायची की भुवईवरची खोक कुठल्या बाजूला होती तेच मला आठवेना झालंय. एडक्याचं शिंग लागून झालेली खोक. रंभा सांगायची, डावीकडं. थोड्या दिवसांनी विठाबाई पुन्हा विचारायची.

अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याच्या आधी पुण्याचा व्यापारी शेडवर आला आणि नुसते मावळे, गवळणी नकोत, धनगरही द्या म्हणाला. हौसरावांनी साचा केला. पागोटं, धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पहिलं चित्र साच्यातून निघालं तेव्हाच रंभाच्या मनात आलं की हा मच्छिंद्र करायचा आणि आईला द्यायचा.

तिने त्यावर जेवढं मन लावलं तेवढं कुठल्या चित्रावर लावलं नव्हतं. सावळा रंग एकावर एक पातळ थरांनी चढवला. डाव्या भुवईत खोक ठेवली. गालावर कोरड्या ब्रशने दाढीचे खुंट उठवले. खालचा ओठ जरा सुटा ठेवला, मेंढरांशी बोलतोय असा. राहिले डोळे. समोर बघणारे डोळे काढले असते तर तो मच्छिंद्र झाला नसता, म्हणून तिने नजर खाली काढली. वरची पापणी पूर्ण उतरलेली, आणि तिच्या काठाखाली बुबुळाची बारीकशी तपकिरी कड. पुढेमागे करून बघितलं. भाऊ उभा होता.

दुपारी ती परत येऊन बघते तर सरूबाईने ते चित्र फळीवर आडवं करून ठेवलेलं.

"ह्याची आखणी ऱ्हायली गं तुझी," सरूबाई म्हणाली.

"झालीया. खाली बघतोय त्यो."

सरूबाईने चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "तू म्हंतीस म्हणून खाली बघतोय. मला तर झोपल्यावाणी दिसतोय."

"तुमच्या डोळ्यांस्नी चष्मा लागलाय," रंभा म्हणाली, आणि तिने चित्र उभं केलं. आपल्या हाताचा तिला त्या दिवसांत थोडा गर्वच होता.

दिवाळीच्या तोंडावर तिने ते घरी नेलं. विठाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने हात पदराला पुसले आणि चित्र घेतलं. उजेडाकडे धरलं. भुवईवरून बोट फिरवलं, आणि रंभा भाकरीचं पीठ मळायला आत वळली तरी ती तशीच बघत राहिली.

"मच्छिंदरच हाय," ती म्हणाली. "कुणी सांगितलं गं तुला?"

रंभाला वाटलं, धनगर करायला कुणी सांगितलं असं ती विचारतेय. ती परातीवरूनच म्हणाली, "पुण्याचा यापारी आलता. त्यो म्हणला."

"कवा?"

"दसऱ्याच्या आधी."

"आन् तू आत्ता दावतीस."

"आधी बोलून काय उपेग, आय? व्हतंय का न्हाई, माझंच मला ठावं नव्हतं."

चित्र पदरात घेऊन विठाबाई दिवेलागणीपर्यंत तशीच बसून होती. रंभाला समाधान वाटलं. आईला आवडलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जीपमधून उतरली तेव्हा कुडावर घोंगडं नव्हतं. आईने आज लवकर उचललं असेल, म्हणून ती घराशी आली. विठाबाई अंगणात दगडावर बसली होती. लुगडं अंगाला चिकटलेलं, केस ओले, पायाशी पाण्याचं थारोळं.

"आंघोळ केली," विठाबाई म्हणाली. "लई दिस टाळली व्हती."

रंभाच्या हातातली पिशवी खाली आली. दारातून देवघर दिसत होतं. खंडोबा, बिरोबा आणि वडिलांचा टाक यांच्या शेजारी तिचा धनगर उभा होता, कपाळाला हळदकुंकू, समोर दहीभात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेल्या त्या टाकांना सगळ्यांना एकच तोंड. सोनाराच्या ठशात वडीलही तसेच आणि पणजाही तसाच. त्यांच्यात हा एकटा खऱ्या चेहऱ्याचा होता.

घोंगडं कुठे आहे असं तिने विचारलं. सकाळी, यंदा लवकरच कोकणच्या वाटेला लागलेला एक कळप रस्त्याकडेने चालला होता, त्यातल्या एका म्हाताऱ्या धनगराला विठाबाईने ते देऊन टाकलं होतं. मेलेल्याचा कपडा घरात ठेवत नाहीत.

रंभाने तोंड उघडलं. पण आईच आधी बोलली.

"तोंडानं सांगवंना म्हणून तू रंगानं सांगितलंस. बरं केलंस. तोंडानं सांगितलं असतंस तर मला सोसलं नसतं, बाई."

आज आंघोळ झालीय, आज सांगायला नको, रंभा मनाशी म्हणाली. त्या दिवशी विठाबाई पोटभर जेवली. पहाटेपर्यंत एकदाही उठून दारात गेली नाही. मच्छिंद्र गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. सकाळी तिने जातं ओढलं आणि ओढताना ती ओवी म्हणत होती. हलक्या आवाजात, पण म्हणत होती.

रंभाने शेडमध्ये सरूबाईला सगळं सांगितलं. सरूबाईने त्या दिवशी चेष्टा केली नाही.

"आत्ताच्या आत्ता घरी जा आन् सांग," ती म्हणाली. "माझ्या हातून चूक झाली म्हण. रडंल, शिव्या देईल, पण घोंगडं पुन्ना कुडावर टाकंल."

"घोंगडं तर दिऊन टाकलं."

"दुसरं टाक. काळं तर असतंय."

रंभा त्या दिवशी लवकर निघाली. जीपमध्ये वाक्य जुळवत आली. घरी विठाबाई शेजारणीशी बोलत होती, आणि बोलता बोलता हसली. रंभाने ते वाक्य गिळलं. दिवाळी होऊ दे म्हणाली. मग संक्रांत होऊ दे म्हणाली. तिला एक कारणही सापडलं होतं. तो जिता आहे हे तरी मला कुठे ठाऊक आहे? मी सांगायचं, आई पुन्हा वाट बघायला लागायची, आणि तो खरंच नसला तर?

एकदा मात्र तिने ब्रश घरी आणला. पापणीखाली पांढऱ्याचा एक एक ठिपका दिला असता तर डोळे उघडले असते, तोंडाने काही सांगावंच लागलं नसतं. तिने चित्र देवघरातून उचललं तोच विठाबाई मागून आली.

"देवाला हात लावतीस व्हय?" तिने चित्र काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं. "ऱ्हाऊ देत मिटल्यालंच. लई चाललं पोरगं, दमलं आसंल."

रंभाने ब्रश पाण्यात बुडवला आणि पुसून ठेवला.

सर्वपित्रीला विठाबाई मच्छिंद्राचं पान वाढायला लागली. दसऱ्याच्या आधी गेला, एवढंच तिला ठाऊक होतं, म्हणून तीच तिथी धरली. अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, फार अंथरुणावर न पडता, विठाबाई गेली. रंभाने सोनाराकडून तिचा टाक करून आणला आणि तो वडिलांच्या शेजारी बसवला. धनगर जिथे होता तिथेच राहिला.

मच्छिंद्र आला तो त्यानंतरच्या आषाढात. भर दुपारी. पँट, शर्ट, गळ्यात टॉवेल, पोट सुटलेलं. रंभा अंगणात शेंगा फोडत होती. तो कुडाशी थांबला आणि तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "आक्का."

तिने त्याला त्या नजरेवरूनच ओळखलं.

भांडगावजवळच्या धाब्यावर कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कासुर्डीची विठाबाई गेली. तो पुण्याहून हैदराबादला ट्रक चालवत होता. बायको होती, मुलगी होती, सोलापुरात दोन खोल्यांचं घर होतं. म्हणजे इतकी वर्षं तो याच रस्त्याने जात-येत होता. रंभाने पाणी दिलं, तांब्या त्याने एका दमात रिकामा केला. मग रंभाने काही न विचारता तो बोलायला लागला. आयुष्यात तो कुणापुढे एवढं बोलला नसेल.

"दर फेरीला बघायचो. वळण संपलं की मान इकडंच. घोंगडं दिसायचं. म्हणायचो, हाय. आय वाट बघतीया. म्होरल्या फेरीला उतरायचं. गाडीत माल असायचा, कधी मालक शेजारी बसल्याला असायचा. आन् खरं सांगू का, लाजबी वाटायची. त्या शब्दाची." तो थांबला. "मग एका फेरीला दिसंना. वाटलं, धुतलं आसंल. त्याच्या म्होरल्या फेरीलाबी न्हाई. तवा कळलं मला. आंघोळ केली तिनं. केली का न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. घोंगडं कसरीने खाल्लं म्हणता आलं असतं.

"केली," रंभा म्हणाली.

"का गं?" तो म्हणाला. "इतकी वर्सं न्हाई केली. मग तवाच का?"

ती उठली आणि त्याला देवघराशी घेऊन गेली. त्याने आईच्या टाकाला हात जोडले. मग त्याची नजर शेजारी गेली. आईच्या बोटांनी वर्षानुवर्षं लावलेल्या कुंकवाने कपाळ लालभडक झालं होतं, पण भुवईवरची खोक दिसत होती. त्याने चित्र उचललं. स्वतःच्या भुवईला हात लावून बघितला.

"मीच हाय की ह्यो. तू केलंस?"

"व्हय."

"डोळं का मिटल्यात?"

"मिटल्यालं न्हाईत. तू खाली बघतोस नव्हं. तसं काढलं. आयला वाटलं..." पुढचं बोलायची गरज उरली नव्हती.

मच्छिंद्राने चित्र तिरकं केलं. पापणीखालची ती बारीक तपकिरी कड त्याला दिसली की नाही, कुणास ठाऊक. तो चित्राच्या पायाकडे बघत होता. तिथे प्लॅस्टरची गोल चकती होती, गवत म्हणून सपाट हिरवी रंगवलेली.

"खाली काय हाय मग?" त्याने विचारलं. "मेंढरं कुठं हायेत, आक्का?"

रंभा त्या हिरव्या चकतीकडे बघत राहिली. शेडमध्ये मेंढरं टोपलीने पडलेली असायची, अंगठ्याएवढी. ती पलीकडच्या ओळीतल्या बायका रंगवायच्या. चेहऱ्यांच्या नादात तिने त्या टोपलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

तिने आग्रह केला म्हणून तो जेवला. पिठलं-भाकरी खाल्ली, आईच्या हाताची चव हाय म्हणाला. ती म्हणाली, हे चित्र घेऊन जा, तुझंच आहे. तो नको म्हणाला. आईने बसवलंय, बसू दे. जाताना त्याने चित्र देवघरात परत ठेवलं, ते आडवं. त्याला त्या शेडमधली रीत कुठून माहीत असणार. "पोरीला घेऊन यीन कवातरी," तो म्हणाला, आणि कुडाबाहेर पडला. रस्ता तेव्हा नुकताच रुंद झाला होता. पलीकडे उभा केलेला त्याचा ट्रक अंगणातून दिसत नव्हता, सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला.

रंभाने चित्र उभं केलं.

पोळा झाल्यावर ती शेडमध्ये गेली तेव्हा तिने हौसरावांना सांगितलं की धनगराच्या पायाशी मेंढरू चिकटवूनच माल द्यायचा. पेटीत मोडतं ते, हौसराव म्हणाले, सुटंच बरं. ती ऐकेना. सरूबाईने नवऱ्याला डोळ्याने गप्प केलं.

त्या दिवशी घरी निघताना तिने टोपलीतलं एक मेंढरू उचलून पदराला बांधलं. घरी आल्यावर हातपाय धुतले, दिवा लावला आणि ते धनगराच्या पायाशी ठेवलं, तोंड वर करून त्याच्याकडे बघणारं. मग दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

धनगर मेंढराकडे बघत होता. पापण्या त्याच, रंग तोच, कुंकू तसंच. एखादं लहान पोरही सांगू शकलं असतं की तो जागा आहे आणि बघतोय.

शेजारच्या टाकातून विठाबाई समोर बघत होती. सोनाराच्या ठशात डोळे उघडेच असतात.